वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत टायपिस्ट

२०२५ च्या ऑगस्टमधली गोष्ट. संध्याकाळी साडेसातला आमचा रोजचा स्टँडअप कॉल असतो. इथे बडोद्यात कुकरच्या शिट्ट्या चालू असतात आणि तिकडे न्यूयॉर्कमध्ये सकाळचे दहा वाजलेले असतात. तिकडच्या टीममध्ये एक टेस्टर आहे. पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, एवढं सांगून माइक बंद करतो. त्या दिवशी तो म्हणाला, ‘आज मी जरा गप्प असेन. शीला जॉर्डन गेली.’

आम्ही सगळे ‘सॉरी’ म्हणालो. मला वाटलं घरातलं कोणीतरी. कॉल संपल्यावर मी चॅटवर विचारलं, तर कळलं की शीला जॉर्डन ही जॅझ गायिका होती, ९६ वर्षांची होती, आणि हा आमचा टेस्टर शनिवार-रविवार छोट्या क्लबांत डबल बास वाजवतो. चार वर्षं एकत्र काम करतोय, मला पत्ता नव्हता. त्याने एक लिंक पाठवली आणि लिहिलं, ‘डॅट डेअर आधी ऐक. हेडफोन लाव. त्यात फक्त ती आणि बास आहे.’

जॅझबद्दल माझी समजूत म्हणजे हॉटेलच्या लॉबीत वाजणारा सॅक्सोफोन. लेक झोपल्यावर, ओटा आवरून, मी ते गाणं लावलं. अडीच-तीन मिनिटांचं गाणं. खरंच दुसरं काही नाही. पियानो नाही, ड्रम नाही. खाली बासची एकेक तार टुणकन वाजते आणि वर एक बाई गाते. आवाज मोठा नाही, गोड म्हणावा असाही नाही, बोलल्यासारखा. गाण्यात एक लहान मूल आईबापाला प्रश्न विचारून भंडावून सोडतंय: हे काय, ते काय, हे असं का. माझी लेक पाच वर्षांची आहे, त्यामुळे विषय समजवावा लागला नाही. मी ते सलग चार वेळा ऐकलं आणि मग रात्री दीडपर्यंत ही बाई कोण हे वाचत बसले.

शीला जॉर्डनचा जन्म १९२८ चा, डेट्रॉइटचा. आई अगदीच लहान वयाची, म्हणून शीला वाढली आजी-आजोबांकडे, पेनसिल्व्हेनियातल्या समरहिल नावाच्या कोळसा खाणींच्या गावात. घरात गरिबी होती आणि दारूही होती. मूल गात होतं, कारण गायला पैसे पडत नाहीत. चौदाच्या आसपास ती परत डेट्रॉइटला आईकडे आली. शाळेसमोरच्या एका हॅम्बर्गरच्या दुकानात नाणं टाकून रेकॉर्ड ऐकायचं यंत्र होतं. त्यात तिने चार्ली पार्करचं ‘नाऊज द टाइम’ लावलं. पहिल्या चार-पाच सुरांतच, ती पुढे आयुष्यभर सांगत राहिली, तिचं ठरलं की आपल्याला हेच करायचंय.

इथे थोडं थांबून सांगते, कारण मलाही हे त्या टेस्टरला विचारूनच कळलं. ‘नाऊज द टाइम’ हा बारा बारचा ब्लूज आहे. एका बारमध्ये चार ठोके, म्हणजे अठ्ठेचाळीस ठोक्यांचं एक आवर्तन समजा. आधी ठरलेली चाल वाजवायची आणि मग त्याच आवर्तनावर प्रत्येकाने आपापलं नवं रचत जायचं. इथवर आपल्यासारखंच. फरक असा की आपला तानपुरा सा सोडत नाही, कितीही लांब फिरून या, घर जागेवर असतं. त्यांच्याकडे ते घरच ठरावीक बारला उठून दुसरीकडे जातं आणि ठरावीक बारला परत येतं. गाणाऱ्याला आपल्या फिरतीबरोबर घर आत्ता कुठे आहे हेही लक्षात ठेवावं लागतं. पियानो असला तर तो तीन-चार सूर एकत्र दाबून पत्ता सांगत राहतो. नुसता बास असला तर एका वेळी बहुतेक एकच सूर. बाकीचा पत्ता गाणाऱ्याच्या डोक्यात. म्हणून नुसत्या बासबरोबर गाणं हे फार कमी लोक करतात, आणि शीलाने तेच आपलं केलं. ‘डॅट डेअर’ १९६२ चं. पुढे आर्ल्ड अँडरसन, हार्वी स्वार्ट्झ, कॅमेरॉन ब्राउन अशा एकेका बासवादकाबरोबर तिने अख्ख्या मैफली आणि रेकॉर्डी केल्या.

डेट्रॉइटमध्ये तिने दोन काळ्या मुलांबरोबर तिघांचा एक गट केला. ते पार्करच्या वाजवण्यावर शब्द बसवून गायचे. गोरी मुलगी काळ्या मित्रांबरोबर दिसली की पोलीस अडवून चौकशी करायचे, आणि हे एकदा-दोनदा नाही, सतत. पार्कर गावात आला तेव्हा त्याने तिचं गाणं ऐकलं आणि तिच्या कानांची किंमत दशलक्ष डॉलर असल्याचं म्हणाला. आवाजाची नाही, कानांची. गाणं शिकलेल्या कुणालाही ही दाद कुठली आहे ते लगेच कळेल.

१९५० नंतर लवकरच ती न्यूयॉर्कला गेली. पार्करचा पियानोवादक ड्यूक जॉर्डन याच्याशी लग्न केलं. पार्करच्या संगीताजवळ राहता यावं म्हणून मी हे लग्न केलं, असं ती नंतर हसत सांगायची. ड्यूक व्यसनी होता, संसार टिकला नाही. १९५५ मध्ये मुलगी झाली आणि ती तिने एकटीनेच वाढवली. लेनी ट्रिस्टानो या अंध पियानोवादकाकडे ती शिकली. त्याची पद्धत ऐकून मी चकित झाले. तो शिष्यांना रेकॉर्डवरचे मोठ्या वादकांचे तुकडे आधी गळ्यातून काढायला लावायचा, वाद्य नंतर. लिहून घ्यायचं नाही, कानाने घ्यायचं. हे सगळं न्यूयॉर्कमध्ये चाललं होतं, सूरसागर तलावासमोरच्या आपल्या म्युझिक कॉलेजात नव्हे.

आणि पोटापाण्यासाठी? ती जाहिरात कंपनीत टायपिस्ट होती. दिवसभर टायपिंग, संध्याकाळी मुलगी, आणि आठवड्यातल्या काही रात्री ग्रीनिच व्हिलेजमधल्या ‘पेज थ्री’ नावाच्या क्लबात गाणं. गाण्याचे जे पैसे मिळत ते मुलीला सांभाळणारीला आणि टॅक्सीला जात.

त्या क्लबात जॉर्ज रसेल या संगीतकाराने तिला ऐकलं. एवढं वेगळं गाणारी ही बाई आली कुठून, असं त्याला वाटलं आणि दोघं तिच्या गावी समरहिलला गेली. तिथल्या बारमध्ये एक म्हातारा खाणकामगार म्हणाला की लहानपणी ‘यू आर माय सनशाइन’ गायचीस, ते अजून गातेस का? रसेल पियानोवर बसला आणि त्याच्या पद्धतीने, आडवेतिडवे सूर घेत वाजवायला लागला. शीलाच्या आजीने त्याला बाकावरून ढकललं आणि गाणं असं नाही, असं आहे, म्हणून स्वतः वाजवून दाखवलं. ही हकीकत शीलाच सांगायची. (बडोद्यातल्या कुठल्याही आजीने हेच केलं असतं.) रसेलने परत येऊन त्या गाण्याची एक लांबलचक रचना केली. तिच्यात एका जागी सगळी वाद्यं थांबतात आणि शीला एकटी गाते, कसलाही आधार न घेता. आपण शाळेच्या गॅदरिंगला म्हटलेलं ते आनंदी गाणं इथे ऐकलं तर अंगावर काटा येतो. खाणी बंद पडलेल्या गावाचं गाणं वाटतं ते.

त्याच वर्षी, १९६२ मध्ये, ‘पोर्ट्रेट ऑफ शीला’ ही तिची रेकॉर्ड ब्लू नोट या कंपनीने केली. ब्लू नोट तेव्हा गायकांच्या रेकॉर्डी जवळजवळ करतच नसे. म्हणजे आपल्या भाषेत, तिचं नाव झालं. आता नोकरी सोडून पूर्ण वेळ गाणं, असंच कोणालाही वाटेल.

तिने नोकरी सोडली नाही. मुलगी सात वर्षांची होती. आपल्या नावावरची पुढची रेकॉर्ड निघायला १९७५ उजाडलं. मधली बारा-तेरा वर्षं ती टाइप करत होती आणि जमेल तिथे गात होती, कधी चर्चमध्येसुद्धा.

हे वाचताना मला आमची आत्या आठवायला लागली होती, आणि खरं सांगायचं तर बरं वाटत नव्हतं.

आत्या विमा कंपनीत टायपिस्ट म्हणून लागली. हे मी जुळवून सांगत नाही. त्या काळी दांडिया बाजारातल्या मराठी घरांतल्या मुलींना मॅट्रिक झालं की टायपिंगच्या क्लासलाच घालत. पण आत्या त्याबरोबर म्युझिक कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गालाही जायची. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांना घेऊन जी गायनशाळा काढली, तिचंच हे पुढचं रूप. गाणं घराण्याबाहेरच्या कुणालाही वर्गात बसून शिकता यावं, ही त्यामागची कल्पना, आणि आत्यासारखी कारकुनाची मुलगी त्यामुळेच ख्याल शिकू शकली. पुढे ती आकाशवाणी बडोद्यावर गायली, बी ग्रेडची कलाकार होती. आणि रोज संध्याकाळी सहा ते आठ आमच्या वाड्याच्या पुढच्या खोलीत सतरंजी घालून मुलींना शिकवायची. मीही त्यातलीच एक. बारावीला क्लास सोडला, कारण बारावी.

बीई झाले, कॅम्पसमधून नोकरी लागली, त्या उन्हाळ्यात घरी जेवणं चालली होती. मला पहिल्या पगाराच्या आधीच सगळं कळायला लागलं होतं. मी म्हटलं, ‘आत्या, तू तेव्हा हिंमत करून नोकरी सोडली असतीस ना, तर आज कुठल्या कुठे असतीस. हौशी राहून गेलीस.’ कोणी काही बोललं नाही. आत्या म्हणाली, ‘ताक वाढ काकांना.’

बारा वर्षं झाली त्याला. ती विसरली असेल असं मी धरून चालले होते. ‘हौशी’ हा शब्द मात्र माझ्या डोक्यात पक्का होता. जो पूर्ण वेळ करतो तो खरा, बाकीचे हौशी. त्याच हिशेबाने मी स्वतःलाही गाण्यातून बाद केलं होतं. आठवड्याला पंचेचाळीस तास कोड लिहिणारीने षड्ज लावून काय होणार?

शीला जॉर्डनचा हिशेब वेगळा होता. संगीत आपल्याला पोसू शकत नाही तोवर आपण संगीताला पोसायचं, अशा अर्थाचं ती नेहमी सांगायची. पगार होता म्हणून तिला हवं ते गाणं हवं तसं गाता आलं. लोकप्रिय गाणी घेऊन पार्ट्यांना गा, असं तिला कोणी भाग पाडू शकलं नाही. विकायची गरज नसल्यामुळे ती नुसत्या बासबरोबर गाण्यासारखा वेडेपणा करू शकली. अर्थात हे सगळं गुलाबी नव्हतं. थकवा होता, आणि घराण्यात चालत आलेलं दारूचं व्यसन तिलाही लागलं होतं. ते सोडायला तिला पन्नाशी ओलांडावी लागली. हेही ती लपवत नसे, मुलाखतींत सरळ सांगायची.

१९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने तिला शिकवायला बोलावलं. हार्लेममधलं हे सार्वजनिक कॉलेज, साध्या घरातल्या मुलामुलींचं. जॅझ गाणं हा कॉलेजात शिकवायचा विषय असू शकतो हेच तेव्हा नवीन होतं. वादकांचे वर्ग होते, गाणाऱ्यांना विचारतो कोण. हिच्याकडे स्वतःची संगीताची पदवी नव्हती. पन्नाशीची बाई, दिवसा टायपिस्ट, हिने तो वर्ग घेतला आणि २००५ पर्यंत चालवला. उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या शिबिरात आणि युरोपातही शिकवायची. तिला भेटून जर्मनीहून न्यूयॉर्कला येऊन राहिलेला थिओ ब्लेकमन आज स्वतः मोठा गायक आहे, आणि त्याचं गाणं तिच्यासारखं अजिबात नाही.

शिकवण्यात तिचा पहिला आग्रह म्हणजे मूळ चाल जशी लिहिली आहे तशी आधी शिका. शब्द काय म्हणतात ते समजून घ्या. मग फिरा. पाया न शिकता सुरांच्या उड्या मारणं तिला आवडत नसे. आम्हाला आत्या बंदिश पंधरा दिवस नुसती म्हणायला लावायची आणि आलापाचं नाव काढलं की म्हणायची, ‘आधी घर बघ, मग फिरायला जा.’ तेव्हा मला हा केवळ कंटाळा वाटायचा.

शीलाच्या ५८ व्या वर्षी त्या जाहिरात कंपनीतली तिची नोकरी गेली. कपातीत. आमच्या क्षेत्रात हा शब्द सध्या कुजबुजत उच्चारतात. तिने मात्र ठरवलं की आता पूर्ण वेळ गायचं. ज्या वयात आपल्याकडे निवृत्तीचा सत्कार, शाल आणि घड्याळ मिळतं, त्या वयात तिची पूर्ण वेळ गायिका म्हणून सुरुवात झाली. २०१२ मध्ये तिला जॅझ मास्टर हा तिकडचा सर्वोच्च समजला जाणारा सरकारी सन्मान मिळाला, तेव्हा ती ८३ वर्षांची होती. नव्वदीनंतरही ती कार्यक्रम करत होती. एखादी ओळ विसरली तर विसरल्याचंच गाणं तिथल्या तिथे रचून म्हणायची.

गणपतीनंतरच्या रविवारी मी वाड्यावर गेले. आत्या आता बहात्तरची आहे. मी मोबाइल पितळेच्या पातेल्यात ठेवला, म्हणजे आवाज मोठा येतो, आणि ‘डॅट डेअर’ लावलं.

आत्याने डोळे मिटून ऐकलं. पहिला प्रश्न, ‘तानपुरा नाही?’ मग स्वतःच म्हणाली, ‘हा खाली वाजतोय तो काय? चालतो की हा. एका जागी बसत नाही.’ पुन्हा लावायला सांगितलं. मग विचारलं, शब्द काय आहेत. मी सांगितले. ती म्हणाली, ‘सूर खालून उचलते, आणि लगेच सोडून देते. लाडात येत नाही, ते बरं आहे.’ तिसऱ्यांदा ऐकल्यावर म्हणाली, ‘पण फार लवकर संपतं बाई. तीन मिनिटांत काय होतं?’

मी तिला शीलाबद्दल सांगितलं. मुलगी, नवरा, क्लब, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत टायपिंग.

‘स्पीड किती होता?’ आत्याने विचारलं.

मला हसू आलं, पण ती गंभीर होती. तिचा इंग्रजीचा साठ होता, ऑफिसात सगळ्यांत जास्त.

मग मी ते बोलले. जेवताना बारा वर्षांपूर्वी मी काय म्हणाले होते ते, आणि ते चुकलं होतं हे. आत्या ओट्याजवळ उभी होती, गवार मोडत होती. म्हणाली, ‘आठवतंय मला. तू ताक सांडलंस त्या दिवशी.’

थोड्या वेळाने तिने जे सांगितलं ते मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. चौतीस वर्षांची असताना तिला एका ऑर्केस्ट्रात बोलावणं होतं. पगार विमा कंपनीपेक्षा जास्त, फिल्मी गाणी, गुजरातभर दौरे. आजोबा नाही म्हणाले असतील असं मला वाटलं. तसं नव्हतं, आजोबा हो म्हणाले होते. आत्याच नाही म्हणाली. ‘मला मारवा गायचा होता,’ ती म्हणाली. ‘मारवा ऐकायला लग्नात कोण बोलावतं? नोकरी होती म्हणून मला नाही म्हणता आलं. आणि क्लासला येणाऱ्या निम्म्या पोरी फी देत नव्हत्या, ते तुला माहीतच नाही. पगार होता म्हणून मी विचारलं नाही.’

फी न देणाऱ्या निम्म्या पोरी. मी त्यांच्याच शेजारी सतरंजीवर बसत होते आणि मला कधी कळलं नाही, म्हणजे आत्याने ते कळू दिलं नाही.

मी विचारलं, मग वाईट नाही वाटलं का कधी? ती म्हणाली, ‘वाटलं ना. बी चं ए ग्रेड झालं नाही त्याचं फार वाटलं. दोनदा ऑडिशन दिली. पण ते गळ्याचं होतं, नोकरीचं नव्हे. तिथे मी नोकरीला दोष देत बसले नाही.’

ऑक्टोबरपासून मी दर गुरुवारी सव्वासहाला तिच्याकडे जाते. साडेसातचा कॉल तिच्याच पुढच्या खोलीतून घेते, मागे भिंतीवर तानपुऱ्याची खोळ दिसते. सोळा वर्षांनी गळा उघडायला बसलं की काय होतं ते लिहिण्यासारखं नाही. मंद्र पंचमाच्या खाली माझ्याकडे आवाजच उरलेला नाही आणि वर तार षड्जाला श्वास संपतो. आत्याने पहिले सहा गुरुवार नुसता सा लावून घेतला. माझ्याबरोबर आणखी तिघीजणी येतात, त्यातली एक अकरावीत आहे आणि माझ्यापेक्षा खूपच बरी गाते. आत्या माझ्याकडे बघून तिला सांगते, ‘बारावीला सोडू नकोस.’

आमच्या टेस्टरने कॅमेऱ्यात ती खोळ पाहिली आणि आत काय आहे म्हणून विचारलं. मी चार तारा, लाकूड, भोपळा, सगळं सांगितलं. तो म्हणाला, त्यावर चाल वाजत नाही? मी म्हटलं, नाही, तो जागचा हलत नाही. त्याला हे फार आवडलं. आत्यालाही त्याचा बास आवडलाय, पण तिची एक तक्रार कायम आहे. तिने निरोप दिलाय की त्या बासवाल्याला विचार, काळी चारचा सा धरून अर्धा तास न हलता वाजवशील का, मग तुला मारवा ऐकवते. मी त्याला अजून विचारलेलं नाही. या शुक्रवारी रिलीज आहे, त्यानंतर बघू.